नीलमोहरांचा टँकर

मित्रांनो, नगरपालिकेच्या रोपवाटिकेत कधी आलात, तर कुंड्यांच्या रांगा ओलांडून थेट मागच्या भिंतीपर्यंत या. तिथे खताच्या ढिगाशेजारी एक टँकर उभा दिसेल. त्याची पुढची चाके मातीत रुतली आहेत, हिरव्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि शिडीवर कसलीशी वेल चढली आहे. माळी त्याच्या आरशावर ओले पंचे वाळत घालतात. तो निकामी टँकर म्हणजे मी.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जाड लोखंडी पत्रे वाकवून आणि त्यांच्या कडा जोडून माझे पोट तयार केले गेले. जोडकाम करणारा कारागीर मोठा चोखंदळ होता. त्याने मला तोंडापर्यंत पाण्याने भरले आणि प्रत्येक सांध्यावरून हात फिरवत तो माझ्याभोवती हिंडला. हात कोरडाच राहिला. तेव्हा कुठे तो हसला आणि माझ्या पोटावर थाप मारून म्हणाला, "जा आता. थेंबसुद्धा सांडू नकोस." मला वाटले, एवढेच ना? त्यात अवघड ते काय!

मी आलो तेव्हा हे शहर लहान होते. उद्यान विभाग म्हणजे एक खोली, तिच्यात एक डुगडुगणारे टेबल, थोडी फावडी, आणि बाहेर कारंजे बंद पडलेली एक गोल बाग. माझे चालक उंच, हाडकुळे आणि कायम कडक इस्त्रीच्या शर्टात असत. पाण्याच्या कामाला इस्त्री कशाला, असे लोक विचारत. ते नुसती कॉलर सारखी करत. सगळे त्यांना काका म्हणत.

मग एके सकाळी बाई आल्या. उद्यान अधिकारी म्हणून त्यांची ती पहिलीच नोकरी होती. आल्या त्या ओढणी कमरेला खोचून सरळ माझ्या शिडीवर चढल्या, झाकण उघडले आणि आत डोकावून त्यांनी मोठ्याने हाक मारली, "ओ!" माझ्या रिकाम्या पोटातून तसाच "ओ!" परत आला. खाली काका तोंड दाबून हसू लागले.

"हसता काय, काका? या विभागात माझ्या हाकेला ओ देणारा हा एकच दिसतोय."

"मी आहे की, मॅडम."

"मग झालं तर. तुम्ही, मी आणि हा. करू या सुरुवात."

त्या दिवसापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले.

बसथांब्यापासून सरकारी दवाखान्यापर्यंत एक लांबच लांब रस्ता जात होता. आजारी माणसे त्याच रस्त्याने चालत जात, आणि सावली म्हणून कुठे नव्हती. एकदा भर दुपारी आम्ही तिथून चाललो होतो. एक सून आपल्या म्हाताऱ्या सासूला धरून नेत होती. सासूच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून तिने एक्स-रेचा मोठा लिफाफा धरला होता. हात भरून आला की ती लिफाफा दुसऱ्या हातात घेई. बाईंनी काकांना गाडी थांबवायला लावली. दोघींना आत बसवून दवाखान्याच्या दारात सोडल्यावर त्या म्हणाल्या, "काका, या रस्त्यावरच्या लोकांच्या डोक्यावरचा लिफाफा काढायचाय मला."

त्यांनी नीलमोहर निवडला. तो भरभर वाढतो, सावली देतो आणि फुलला की रस्ता जांभळा करून टाकतो. पण नुसते निवडून भागले नाही. दुकानदार आडवे आले. कापडवाल्याने तर रोपासाठी खणलेल्या खड्ड्यातच पाय रोवले.

"बाई, झाडानं माझी पाटी झाकली, तर गिऱ्हाईक काय पाखरांना पत्ता विचारत येणार?"

"सावली असली की गिऱ्हाईक आपोआप थांबेल हो," बाई म्हणाल्या. "थांबलं की पाटी तुम्ही तोंडानं वाचून दाखवा. तुमचा आवाज काही कमी नाही."

आजूबाजूचे सगळे हसले. शेवटी कापडवालाही हसला आणि खड्ड्यातून बाजूला झाला.

रोपे लागली. ती माणसाच्या गुडघ्याएवढी होती. उन्हाळ्यात रोज सकाळी आम्ही त्यांना पाणी घालत असू. बाईंची लेक तेव्हा लहान होती. घरी तिला सांभाळायला कोणी नसे, म्हणून शाळेची वेळ होईपर्यंत ती माझ्या पुढच्या सीटवर बसून राही. काकांना ती टँकरआजोबा म्हणे. झाडाभोवतीचे आळे भरले की खिडकीतून ओरडणे हे तिचे काम. "पोट भरलं!" अशी तिची आरोळी आली की काका नळ बंद करत. मी पुढच्या झाडाकडे निघे. माझे पोट रिकामे होत जाई तसे मला हलके वाटे. मित्रांनो, रिकामे होण्यात इतका आनंद असतो, हे त्या शेडमध्ये मला कोणी सांगितले नव्हते.

झाडे मोठी झाली. त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटल्या. कापडवाल्याच्या दुकानासमोरच्या झाडाखाली एक किल्लीवाला येऊन बसू लागला. फळकुटावर किल्ल्या टांगायच्या, कानस घासायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, असा त्याचा दिवस जाई. संध्याकाळी उठताना आपल्या बाटलीतले उरलेले पाणी तो झाडाच्या बुंध्याशी ओती. "भाडं देतोय," असे म्हणे.

पहिल्यांदा सगळी झाडे एकदम फुलली, ती सकाळ मी विसरणार नाही. कापडवाला दुकानाबाहेर खुर्ची टाकून नुसता वर बघत बसला होता. वर्तमानपत्रात रस्त्याचे छायाचित्र आले. त्याच्या कोपऱ्यात माझे मागचे चाकही दिसत होते. मला नवा रंग मिळाला. बाईंचा मोठा सत्कार झाला आणि त्यांना बढती मिळाली.

बढती मिळाली आणि बाई वरच्या मजल्यावर बसू लागल्या.

शहर वाढत होते. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक वसाहतीला बाग हवी होती, प्रत्येक चौकात हिरवळ हवी होती, आणि हवी ती उद्याच हवी होती. मग हिरवळ गालिच्यासारखी गुंडाळून येऊ लागली. अंथरायची, आठवडाभर भिजवायची, वाळली की पुन्हा गुंडाळून न्यायची. ही कामे ठेकेदार करत. बाई कधी खाली आल्या की काकांपाशी थांबत आणि म्हणत, "काका, पूर्वी माझ्या हाताखाली काही नव्हतं, तर झाडं लागत होती. आता एवढा मोठा विभाग आहे आणि मी नुसती बैठकांना जाते." काका माझा आरसा पुसत राहत.

नवे, चकचकीत टँकर आले. मला रस्त्याच्या कामावर धूळ बसवायला पाठवू लागले. माझ्या पोटात गाळ साठला. तळाला गंज धरला. कुरकुर करावी असे मला फार वाटे. पण माझी कुरकुर म्हणजे इंजिनचा खडखडाट. तो ऐकून लोक म्हणत, जुनी गाडी आहे, चालायचेच.

आणि मग ती दुपार आली.

दवाखान्याच्या रस्त्यावर आता इतकी वाहने झाली होती की मुंगीला वाट मिळत नसे. मीही त्या गर्दीत अडकून उभा होतो. किल्लीवाला झाडाखाली कानस घासत होता. एकाएकी कानस त्याच्या हातातून गळून पडली आणि तो एका कुशीवर कलंडला. कापडवाल्याने धावत जाऊन त्याला धरले. रुग्णवाहिका निघाली होती. तिचा भोंगा आम्हाला ऐकू येत होता. पण ती चौकातून पुढे सरकेना. दवाखाना समोर दिसत होता आणि मधली वाहने जागची हलत नव्हती. काकांनी भोंगा दाबून धरला. मी बोंबलत राहिलो, त्याचा काय उपयोग! शेवटी कापडवाल्याने किल्लीवाल्याला फळांच्या हातगाडीवर घातले आणि वाहनांच्या फटींतून ढकलत नेले.

किल्लीवाला वाचला. पण उशीर झाला होता. त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला.

शहर खवळले. रस्ता रुंद करा, म्हणून लोकांनी मोर्चा काढला. त्यांचे काही चुकत नव्हते. रस्ता रुंद करायचा, तर दोन्ही बाजूंची झाडे जाणार, हे उघड होते. त्यावरची बैठक संपवून बाई रोपवाटिकेत आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या.

"बोललात का काही?" काकांनी विचारले.

"काय बोलणार होते मी? झाडं वाचवा म्हणायला तोंड उघडलं, तर त्याचा हात दिसायला लागला." मग त्या म्हणाल्या, "तोडू नका, हलवा, एवढं मात्र म्हणाले. जुन्या खाणीजवळचा माळ देतायत. पण हे काम थंडीत करायला हवं. आधी मुळं थोडी थोडी छाटून झाडाला तयार करावं लागतं."

दोनच दिवसांनी नगरपालिकेचे मुख्य साहेब स्वतः रोपवाटिकेत आले. ऊन नुकते तापू लागले होते.

"बाई, यंत्रं आत्ता मिळालीत. थंडीपर्यंत ती थांबणार नाहीत."

"साहेब, या उन्हात एवढी झाडं हलवणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला अंथरुणातून ओढून काढणं आहे. थोडे महिने द्या."

"काल पुन्हा एक रुग्णवाहिका अडकली. आत बाळंतीण होती." साहेबांचा आवाज चढला नाही. "मी लोकांना काय सांगू? झाडांना थंडी आवडते म्हणून थांबा? तोडणं मला सोपं होतं, बाई. तुम्ही म्हणालात म्हणून हलवतोय."

बाईंनी मान डोलावली. समोरचा माणूसही खोटे बोलत नव्हता, हीच अडचण होती.

झाडे काढायला सुरुवात झाली. आधी फांद्या छाटल्या. मग बुंध्याभोवती चर खणला, मुळे कापली, मातीचा गड्डा गोणपाटात आवळून बांधला आणि क्रेनने झाड वर उचलले. ज्या झाडाला मी गुडघ्याएवढे असताना पाणी पाजले होते, ते माझ्या डोक्यावर हवेत लोंबकळत होते. त्याच्या मुळांतून माती माझ्या टपावर पडत होती. बाई प्रत्येक झाडापाशी उभ्या होत्या. "सावकाश! गड्डा फुटेल, सावकाश!" असे ओरडून त्यांचा घसा बसला. किती तरी गड्डे फुटलेच.

किल्लीवाला लुळा हात पोटाशी धरून येऊन उभा राहिला. "बाई, माझ्यापायी झालं हो हे."

"असं बोलू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही इथं उभे आहात ना? पुरे मला तेवढं."

त्या तोंड फिरवून दुसऱ्या झाडाकडे गेल्या.

माळावर झाडांची रांग उभी राहिली. त्यांच्या बोडक्या फांद्या आभाळात रुतलेल्या खुंट्यांसारख्या दिसत. आता त्यांना हवे होते पाणी. पण त्याच वेळी रुंद झालेल्या रस्त्याच्या मधोमध नवी हिरवळ अंथरली होती. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. सगळे नवे टँकर त्या हिरवळीला लावले गेले. बाईंनी वर जाऊन मागणी केली, विनवण्या केल्या, एकदा भांडूनही पाहिले. हाती लागलो मी एकटा.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या झाडांना पुन्हा मीच पाणी देणार होतो. काकांनी मला तोंडापर्यंत भरले आणि आम्ही माळाची चढण चढू लागलो. आणि मला जाणवले की माझ्या तळातून काही तरी निसटते आहे. गंजाने माझ्या पोटाला भोके पाडली होती. आमच्या मागे रस्त्यावर पाण्याची ओली रेघ उमटत होती. माळावर पोहोचेपर्यंत माझे पोट अर्धे झाले होते.

काकांनी भोकांत कपडे धुण्याचा साबण दाबून बसवला. चिंध्या कोंबल्या. एकदा तर अंगातला इस्त्रीचा शर्ट काढून त्याच्या पट्ट्या फाडल्या. एक भोक बुजले की दुसरे उघडे पडे. मला थांबवता येत नव्हते. तहानलेल्यांच्या वाटेवर मी पाणी सांडत चाललो होतो, आणि "थांबा, गळतंय" एवढेही मला म्हणता येत नव्हते.

बाई रोज कचेरी सुटल्यावर माळावर येत. आता मोठ्या झालेल्या लेकीने एकदा त्यांना स्कूटरवरून आणले. आईच्या हाताला आलेले फोड बघून ती चिडली.

"आई, तू अधिकारी आहेस. माणसं लाव ना कामाला. स्वतः बादल्या कसल्या उचलतेस?"

"माणसं दिली नाहीत गं."

"मग सोडून दे! तुझ्या हातात होतं ते केलंस तू."

"हो," बाई म्हणाल्या आणि दुसरी बादली उचलली. लेकीनेही रागारागाने एक बादली भरून घेतली.

काही दिवसांनी खोडांवर कोवळे हिरवे कोंब फुटले. वर्तमानपत्रवाले आले. "झाडे जगली!" असा मथळा छापून आला. मुख्य साहेबांनी पेढे पाठवावेत तशा आनंदाने बाईंना फोन केला. बाई "हो साहेब, हो" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर काकांनी भीत भीत विचारले, "खरंच जगली ना?"

"खोडात साठलेल्या रसावर फुटलेत, काका. मुळं धरली की नाही, ते आत्ताच कळायचं नाही."

ते लवकरच कळले. कोंब काळे पडून खाली मान टाकू लागले. बाई नखाने प्रत्येक खोडाची साल जरा खरवडून बघत. आत हिरवे दिसले तर जीव आहे, तपकिरी दिसले तर संपले. त्या एका टोकापासून सुरुवात करत आणि पुढे पुढे जात. हिरवे दिसणारी झाडे रोज कमी होत गेली. फक्त नखाचा खरखर आवाज येई. उद्घाटन झाले, पाहुणे येऊन गेले, रुग्णवाहिका नव्या रस्त्यावरून सुसाट धावू लागल्या. त्या आवाजाने मात्र मला दर वेळी बरे वाटे. आणि इकडे माळावरचे एकेक झाड जात राहिले.

शेवटी एकच उरले. माळाच्या अगदी वरच्या टोकाला, दगडी बांधाच्या आडोशाला ते लावलेले होते. बाईंनी साल खरवडली, वाकून पुन्हा पाहिली आणि काकांना हाक मारली. "काका, इकडे या. हे आहे अजून!" कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिले.

काकांनी मला त्या झाडाच्या दिशेने वर चढवले. मी सगळा जोर लावला. मित्रांनो, मी खरेच सगळा जोर लावला. अर्ध्या चढावर माझ्या पोटाखाली कडाड्कन आवाज झाला आणि माझा मागचा कणा मोडला. मी एका अंगावर कललो. उरलेसुरले पाणी खडकांतून खाली वाहून गेले. झाड समोर दिसत होते. मी तिथपर्यंत पोहोचलो नाही.

दुसऱ्या दिवशी मला ओढत इथे आणून सोडले. दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही, असे ठरले. काका त्याच वर्षी निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझा आरसा पुसला. बाई त्यानंतर रोज स्कूटरवर पाण्याचा कॅन ठेवून त्या झाडापर्यंत जात होत्या, असे मी माळ्यांच्या तोंडून ऐकले. पुढे त्यांचे गुडघे गेले. मग नोकरीची वर्षे संपली, आणि लेक त्यांना आपल्या गावी घेऊन जायला आली.

निघण्यापूर्वी बाई रोपवाटिकेत आल्या. काठी टेकत टेकत त्या चालत होत्या. नव्या अधिकाऱ्याला त्यांनी इथेच, माझ्या शेजारी, गाठले.

"एवढं एकच सांगायचंय. माळावरच्या त्या झाडाला अजून दोन उन्हाळे पाणी द्यावं लागेल. मग त्याचं ते बघेल."

"हो मॅडम, नक्की," तो म्हणाला. मुलगा भला आहे. खोटे बोलला नाही. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा चौकातली हिरवळ वाळली होती. तो बोलत बोलत निघून गेला. बाई थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. मग लेकीचा हात धरून फाटकाबाहेर गेल्या.

इथून मला फाटक दिसते. रोज सकाळी भरलेले टँकर बाहेर पडतात. उजवीकडे वळले की नवा रस्ता, नव्या वसाहती आणि चौक. डावीकडे वळले की माळ. मी रोज बघतो. सगळे उजवीकडे वळतात. ते चालक वाईट नाहीत. डावीकडे काही आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. मी ओरडून सांगावे म्हणतो. पण माझ्या पोटात आता पाणीही नाही आणि इंजिनात आवाजही नाही. ते झाड आहे की गेले, हेही मला ठाऊक नाही.

मित्रांनो, नवी झाडे तुम्ही लावालच. सगळेच लावतात, छायाचित्रेही काढतात. पण लावलेल्या झाडाची तहान दुसऱ्या दिवशीही असते, आणि पुढच्या उन्हाळ्यातही असते. या फाटकातून बाहेर पडाल, तेव्हा कृपा करून डावीकडे वळा. चढण थोडी आहे. वर दगडी बांधाच्या आडोशाला बघा. झाड उभे असेल, तर एक बादली पाणी घाला. अगदी बुंध्याशी ओतू नका. भोवती बाईंनी केलेले आळे असेल, त्यात सावकाश ओता. माती पाणी पिऊन घेईपर्यंत जरा थांबा. मग दुसरी बादली घाला.